भावी अध्यक्षांच्या सेवेशी

प्रति,
शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व इच्छुक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, आमचे गाव.

विषय : मत कोणाला द्यावे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, चौकात आपणा दोघांचे फ्लेक्स लागल्यापासून आम्ही पालक गोंधळून गेलो आहोत. एकावर ‘भावी अध्यक्ष’, दुसऱ्यावर ‘शिक्षणप्रेमी नेतृत्व’. दोन्हींवर साहेब आहेत, साहेबांचे साहेब आहेत, गॉगलही आहे. शाळा तेवढी नाही. जागा पुरली नसेल.

भाऊ, शाळेवरचे तुमचे प्रेम सगळ्या गावाला ठाऊक आहे. थोरली दोन्ही मुले पिवळ्या गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि अध्यक्ष त्यांच्यातूनच होतो, हे कळताच धाकट्याचे नाव तुम्ही यंदा आमच्या पहिलीत घातले. मूल पटावर, बाप पदावर! इतका त्याग हल्ली कोण करतो?

दादा, तुम्हीही कमी नाही. समितीत निम्म्या महिला लागतात म्हणून मागच्या खेपेला वहिनींना सदस्य केलेत आणि त्यांना दगदग नको म्हणून बैठकांना स्वतः जात राहिलात. इतिवृत्तात वहिनींची सही इतकी वळणदार दिसते, की त्यांनाही ती ओळखू आली नाही.

अडचण आहे ती तिसऱ्या इच्छुक बाईंची. त्यांना उमेदवारी कशी करावी, हेच कळत नाही. फ्लेक्स नाही, जेवणावळ नाही. मागच्या पालकसभेत त्या उठल्या आणि विचारले, ‘शंभराच्या आतला पट म्हणून संयुक्त शाळा अनुदानाचे २५ हजार आले, त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, मग मुलींच्या शौचालयाला कडी का नाही?’ सभेत आभारप्रदर्शन चालू असताना हे विचारणे शोभते का?

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, म्हणून त्यांनी हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंदवही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. खिचडी चाखली. शाळा विकास आराखडा मागितला, तर तो गुरुजींना कपाटावरून धूळ झटकून काढावा लागला. दर महिन्याला बैठक व्हायला हवी, हेही त्यांनीच उकरून काढले. वर्षभराच्या बैठकांचे इतिवृत्त एका दुपारी, एकाच पेनाने लिहून होत असताना गुरुजींना बारा वेळा कशाला बसवायचे?

अशी व्यक्ती अध्यक्ष झाली तर काय होईल, याचा आपण दोघांनी गांभीर्याने विचार करावा. शाळेच्या खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांची जोडसही लागते. बाई वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतल्या नाहीत. रंगकामाचे बिल आले, तर भिंत बघायला जातील. एकेका धनादेशाला किती वेळ लागेल!

म्हणून ‘गावात एकी राहावी, निवड बिनविरोध व्हावी’ हे आपले आवाहन मला पटते. आपल्याकडे एकी घडवायची पद्धतही सोपी आहे. सभेत हात वर करून मतदान होते. हात वर करणाऱ्या निम्म्या बाया भाऊंच्या मळ्यात खुरपायला जातात, उरलेल्यांच्या घरी दादांच्या पतसंस्थेचे कर्ज आहे. कोणाचा हात कोणासाठी वर गेला, हे दोघांनाही बसल्या जागी दिसते. ज्यांच्या विरोधात हात उचलायची सोय नाही, त्यांच्याविषयी गावात एकमत असणारच.

तरीही मत द्यायचेच झाले, तर माझी एक अडाणी कसोटी आहे. तिघांनीही सभेत शाळेची कीर्द वाचून दाखवावी आणि तिसरीत किती मुलांना धडा वाचता येतो, ते सांगावे. ज्याला सांगता येईल, त्याला मत. कसोटी जाचक वाटल्यास आपण दोघांनी मिळून हरकत घ्यावी. एकीचे तेही चांगले उदाहरण ठरेल.

कळावे,
आपली नम्र,
चौथीतल्या मुलीची आई

ता.क. : सभा दर वेळी सकाळी ११ वाजता, ऐन मजुरीच्या वेळी असते आणि मग ‘पालक उदासीन’ असे लिहिले जाते. यंदा ती संध्याकाळी सातला ठेवावी. आम्ही सगळ्याजणी नक्की येऊ. निवड बिनविरोध होईल, याची हमी मात्र त्या वेळी देता येणार नाही.