आजी, खुनी आणि मी

‘तुम्हांला कोणत्या पुस्तकांनी घडवलं?’ हा दिवाळी अंकांच्या संपादकांचा आवडता प्रश्न. आम्ही लेखकमंडळी त्यावर टॉलस्टॉय, चेकॉव्ह अशी भारदस्त नावं ठोकून देतो आणि शेवटी ज्ञानेश्वरी टाकतो, म्हणजे पाळंमुळं मातीत आहेत असं दिसतं. खरं सांगायचं तर मला बाबुराव अर्नाळकरांनी आणि मोतीबिंदू झालेल्या माझ्या आजीने घडवलं.

बाबुरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या आमच्या गावच्या वाचनालयात ज्या होत्या, त्या आजीला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. श्रावणात दुपारी आधी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय, मग बाबुरावांचा नायक झुंजार नाहीतर काळा पहाड. पोथीकर्ते श्रीधरस्वामी आणि बाबुराव यांच्यात अंतर फक्त एका चहाचं.

आजी ऐकायची कमी, कापायची जास्त. ढग दाटून आले, वीज कडाडली असं मी रंगात येऊन वाचायला लागलो की म्हणायची, “पाऊस पुरे मेल्या, खून कधी होतोय ते सांग.” संवाद आला की पुढे सरकून बसायची, उपदेश आला की घोरायची. पोथीत मात्र एक ओवी गाळायची सोय नव्हती. सगळी तिला पाठ. डोळे मिटूनच म्हणायची, “मागे ये.” पुढे मला भेटलेल्या एकाही मुद्रितशोधकाला डोळे उघडे ठेवूनही हे जमलेलं नाही.

वाचनालयाच्या पुस्तकांना एक खोड असे. आधीचा कोणी परोपकारी वर्गणीदार पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा : ‘खुनी – दिवाणजी’. माझा चेहरा पडायचा. आजी ढिम्म. “असू दे. रावण मरणार हे ठाऊक नसतं का? तरी कीर्तनाला बसतोच की!” कथानकाबद्दल इतकं नेमकं मला नंतर एकाही परिसंवादात ऐकायला मिळालं नाही, आणि परिसंवादात तर चहासुद्धा थंड असतो.

मग घरात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. बनेश फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आजीच्या लेखी जवळजवळ भावकीतलाच. त्याने चोर पकडले, सायकल पिटाळली, याचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. तिची चिंता एकच : “आईबापांना सोडून पुण्यात राहतंय पोर. जेवतं काय?” भागवतांनी तिला पटेल इतकं जेवण कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे पाठलाग ऐन भरात असताना मी बन्याला सायकलवरून उतरवून पिठलं-भाकरी खाऊ घालू लागलो. माझं पहिलं स्वतंत्र लेखन ते हेच. संध्याकाळी देवळात आजीने तीच गोष्ट बायकांना सांगितली, तेव्हा भाकरीवर लोण्याचा गोळाही आला होता. शेजारच्या मुलाने मूळ पुस्तक वाचलेलं होतं. तो तावातावाने सांगत सुटला, की असं काही त्यात नाहीच. माझा पहिला समीक्षक. त्याचं कोणी ऐकलं नाही.

तेव्हा पालकहो, मुलाच्या हातात पुस्तक द्याच, पण शेजारी एखादी आजीही बसवा. आणि ते पानं गाळतंय की पदरचं घालतंय, हे तपासायला जाऊ नका.