एप्रन घालण्याची सोपी कृती

अभिनंदन. नीट पार पडली, यादीत नाव लागलं, गल्लीत पेढे वाटून झाले. बारावीत ‘याला कसलं मेडिकल मिळतंय’ म्हणणाऱ्या काकांनी तुम्हाला आपला गुडघा दाखवायलाही सुरुवात केली. आता एकच काम उरलं : डॉक्टर दिसणं. डॉक्टर व्हायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. दिसायला मात्र कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात दहा मिनिटं पुरतात. पुढचे सगळे घोटाळे या दोन मुदतींच्या फरकातून होतात, म्हणून हे मार्गदर्शन.

साहित्य

पांढरा एप्रन, २ नग : एक अंगावर, एक दोरीवर. ‘एकात भागेल’ म्हणणारा विद्यार्थी आषाढात ओल्या एप्रनवर इस्त्री फिरवताना सापडतो. त्या दिवशी तो कुठल्या बाकावर बसलाय हे शोधायला हजेरीपटाची गरज पडत नाही.

नीळ, बेताची : पहिल्यांदा घरापासून दूर राहणारी मुलं ती अंदाजाने ओततात. आमच्या बॅचला पहिले दोन महिने तिघे आकाशी डॉक्टर होते.

बंद बूट, १ जोड : हातातून निसटलेलं स्काल्पेल, सांडलेलं रक्त आणि ओघळलेलं फॉर्मलिन या तिन्ही गोष्टी खाली जातात. खाली तुमची बोटं असतात. गुरुत्वाकर्षण फर्स्ट इयरला सवलत देत नाही.

सेकंदकाट्याचं घड्याळ, १ : नाडी मोजायला. मोबाइलवर मोजलीत तर पेशंटला वाटतं, पोरगं मेसेज बघतंय.

पेनं, ४ : त्यातली तीन रेसिडेंटसाठी. ती परत येत नाहीत, मागूही नयेत.

नावाची पट्टी, १ : सामानातली सगळ्यात स्वस्त वस्तू. हिच्यासाठी पुढे स्वतंत्र पायरी राखून ठेवली आहे.

स्टेथोस्कोप : सावकाश घ्या. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांपुढे एक तरुण स्त्री तपासायला आली. त्या काळच्या रीतीने तिच्या छातीला कान लावणं त्यांना अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली आणि तिच्यातून ठोके ऐकले. म्हणजे हे यंत्र जन्मालाच आलं संकोचातून. ते गळ्यात अडकवून टपरीवर कटिंग मारायला जाणाऱ्यांनी एवढा इतिहास लक्षात ठेवावा.

पायरी पहिली : तिसरं बटण

पहिल्या आठवड्यात तुम्हाला एक पोशाखसंहिता तोंडी सांगितली जाईल. डोक्याला चपचपीत तेल, पांढरा शर्ट, पट्ट्याशिवाय पँट आणि नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. ही कॉलेजची नव्हे, होस्टेलच्या दुसऱ्या मजल्याची संहिता. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. या पुस्तिकेतला बाकी कुठलाही नियम मोडल्याने कुणी तुरुंगात जात नाही. हा एकच असा आहे की तो लावणारा जाऊ शकतो.

तेव्हा मान वर. पेशंटशी त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं असतं, आणि बटणाकडे बघायची सवय एकदा लागली की सुटत नाही. काही जणांची प्राध्यापक झाल्यावरही सुटलेली नाही. ते आता पेशंटऐवजी केसपेपरकडे बघतात.

पायरी दुसरी : डिसेक्शन हॉल

सगळी बटणं लावा. फॉर्मलिनचा वास पहिल्या आठवड्यात जेवू देत नाही. दुसऱ्या आठवड्यात मेसच्या भाजीलाही तोच वास येतो. तिसऱ्यात येईनासा होतो, तेव्हा जपा : वास गेलेला नसतो, तुमचं नाक गेलेलं असतं. एसटीत शेजारचा माणूस उठून उभा राहिला, तर तुम्हाला मान द्यायला उठला असं समजू नका.

केस बांधा. इथे आलं की काही मंडळींना एकदम संस्कृती आठवते आणि मुलींनी कसं राहावं यावर भाषण सुरू होतं. प्रत्यक्षात नियम केसांना आहे, मुलींना नाही. मोकळी बट टेबलावर वाकलेल्या कुणाचीही असो, ती आधी देहाला लागते आणि मग तोंडाला. खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या मुलांनीही रबर विकत घ्यावं. ओढणीला पिन लावायची तीही याच कारणाने.

बाकी पोशाखाचं म्हणाल, तर १८८५ सालचा फिलाडेल्फियातला एक फोटो जरूर बघा. स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी त्यात शेजारी-शेजारी आहेत : साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि तिकडच्या पेहरावातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघींचे तीन देश, तिघींचे तीन वेष. तिघीही डॉक्टर झाल्या, आनंदीबाई पुढच्याच वर्षी. साडीने शरीरशास्त्र अडलं अशी तक्रार इतिहासात नाही.

आता या पायरीतला खरा नियम. डिसेक्शनचा एप्रन डिसेक्शनपुरता. तो घालून वॉर्डात जाऊ नका, मेसमध्ये तर नाहीच. व्हिएन्नाच्या एका इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुईणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टर होऊ घातलेले विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. १८४७ साली तिथल्या डॉ. सेमेलवाइस यांच्या ध्यानात आलं की, ही मुलं शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खाटेशी येतात. त्यांनी सगळ्यांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. वरिष्ठांना ते पटलं नाही. सभ्य गृहस्थाचे हात अस्वच्छ असूच कसे शकतात, या विचाराने त्यातले बरेच जण दुखावले. कपडे उत्तम, हात घातक : आपल्या धंद्याचा हा जुना रोग आहे.

पायरी तिसरी : वॉर्ड

२०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पेशंटशी गाठ पडते, त्यामुळे ही पायरी लवकर येते.

एप्रन पांढरा का, असं कुणी विचारलं तर ‘स्वच्छतेसाठी’ हे अर्धं उत्तर झालं. एकोणिसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर काळे कोट घालून शस्त्रक्रिया करत. कोटावर रक्ताचे थर चढले तरी हरकत नसे, उलट तो अनुभवाचा दाखला वाटे. थॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराने १८७५ मध्ये शस्त्रक्रियेचं चित्र काढलं, त्यातले सर्जन काळ्या कोटात आहेत. १८८९ मध्ये त्यानेच दुसरं काढलं, त्यातले पांढऱ्यात. मधल्या चौदा वर्षांत जंतूंची गोष्ट लोकांना पटली होती. पांढरा रंग निवडला तो मळत नाही म्हणून नव्हे, मळलेला लपत नाही म्हणून.

तुम्ही मात्र तो लपवाल. बाही दुमडाल, खिशावरच्या चटणीच्या डागावर पेन लावाल. १९९१ साली इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या कोटांवरचे जंतू तपासले गेले, तेव्हा सगळ्यात मळलेल्या जागा निघाल्या बाह्यांच्या कडा आणि खिसे. विद्यार्थ्याचा खिसा उलटा केलात तर निघतं ते असं : नी हॅमर, टॉर्च, मोजपट्टी, कापसाचा बोळा, पॉकेटबुक, बसचं तिकीट आणि अर्धा पार्ले-जी. बिस्किटाची आणि कापसाची ही युती तोडा.

इंग्लंडने २००७ मध्ये त्यावर साधा उपाय काढला : पेशंटजवळ जाताना कोपरापासून खाली काहीही नको. लांब बाह्या नकोत, घड्याळ नको, अंगठ्या नकोत. आपल्याकडे हा नियम लावायला गेलं की अडचण बाह्यांची येत नाही, मनगटाची येते. तिथे राखी असते, जी आपोआप तुटेपर्यंत काढायची नसते. देवस्थानाचा लाल दोरा असतो, दृष्ट लागू नये म्हणून काळा असतो आणि आजीने ‘परीक्षेपुरता’ बांधलेला गंडा असतो. पाण्याने हे सगळं भिजतं, दिवसभर ओलं राहतं आणि एका पेशंटचं दुसऱ्याकडे इमानेइतबारे पोचवतं. बहिणीला सांगा, राखी फोटोत जास्त टिकते. घड्याळ वरच्या खिशाला उलटं टाचा. ही युक्ती नर्सिंगवाल्यांना कधीची ठाऊक आहे.

हातांची कृती : सॅनिटायझरने वीस ते तीस सेकंद, साबण-पाण्याने चाळीस ते साठ. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. विद्यार्थ्यांचा सरासरी वेळ मी मोजलेला नाही, पण नळ उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज अनेकदा एकच ऐकू येतो.

पायरी चौथी : ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर

दाराशी चपला काढा. आतल्या चपला घाला. त्या दोन्ही डाव्या पायाच्या असतील, शोधण्यात वेळ घालवू नका. अंगठी, कानातलं, साखळी बाहेर. मंगळसूत्र काढायला मन घेत नसेल तर सिस्टरना विचारा. त्यांनी असे शेकडो प्रश्न कुणाचंही मन न दुखवता सोडवले आहेत. टोपीत सगळे केस. मास्क नाकावरून. नाकाखालचा मास्क म्हणजे हनुवटीचं आसन.

आतले कपडे हिरवे किंवा निळे असतात त्यालाही कारण आहे. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन हॅरी शर्मन यांना पांढऱ्या चादरींची तिरीप डोळ्यांवर येई, म्हणून त्यांनी हिरवा रंग आणला. लाल रंगाकडे बराच वेळ बघून पांढऱ्यावर नजर टाकली की हिरवट डाग तरंगतात. कापड मुळात हिरवंच असलं तर ते त्यात विरून जातात. म्हणजे हा रंग सर्जनच्या डोळ्यांसाठी आहे, तुमच्या सेल्फीसाठी नाही. आणि तो बाहेर वडापावच्या गाडीपर्यंत न्यायचा नसतो. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत आलं, की ओटी आणि एसटी स्टँड यांत फरक उरत नाही.

पायरी पाचवी : नावाची पट्टी

एप्रन विसरलात तर उसना घ्याल, सगळेच घेतात. फक्त पट्टी काढून ठेवा. मी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मैत्रिणीचा एप्रन घालून गेलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पट्टी वाचली, माझ्या मिशीकडे बघितलं आणि शेवटपर्यंत मला ‘ताई’ म्हणत राहिले. पास केलं, पण कुणाला ते अजून स्पष्ट झालेलं नाही.

हसण्यावारी जाणारी गोष्ट एवढीच. पट्टीचा खरा उपयोग वॉर्डाच्या जिन्यात कळतो. पांढरं दिसलं की नातेवाईक धावत येतात : “डॉक्टर, आमच्या पेशंटचं काय?” तुम्हाला अजून बरगड्या पाठ झालेल्या नाहीत. पण समोरचा माणूस हात जोडून उभा आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तुम्हाला डॉक्टर म्हटलंय. अशा वेळी मान आपोआप गंभीरपणे हलते आणि तोंडातून निघतं, “होईल बरं.” त्या माणसाने ते दोन शब्द घरी फोन करून सांगितलेले असतात.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. त्यात ठाऊक असण्याचं सोंग जोडा. ते आणता येतं, पण खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. म्हणून पट्टीवर नावाखाली ‘विद्यार्थी’ हा शब्द ठळक लिहून घ्या, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तोंडानेही सांगा : “मी शिकतोय, थांबा, मोठ्या डॉक्टरांना बोलावतो.” उच्चारायला हे वाक्य ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’पेक्षा अवघड आहे. आरशासमोर सराव करा.

नेहमीच्या शंका

‘जीन्स चालते का?’ कॉलेजच्या परिपत्रकात बघा. फाटलेली चालत नाही, कारण पेशंटला तुमची दया येते.

‘परफ्यूम?’ नको. दम्याच्या पेशंटला तुमची आवड झेपत नाही.

‘मेंदी?’ मेंदी चालेल, नखं नाहीत. वाढलेल्या नखांनी पोट तपासून घ्यायला आधी रूममेटला तयार करा, मग बोलू.

‘एप्रन घालून लोकलमध्ये जागा मिळते का?’ मिळते. शिवाय कुणाला चक्कर आली की तुम्हालाच पुढे ढकलतात.

पायरी शेवटची

हे सगळं पाळून मी पहिल्यांदा मेडिसिनच्या वॉर्डात गेलो. एप्रन कडक इस्त्रीचा, बाह्या अर्ध्या, नखं कापलेली, मनगट मोकळं, पट्टी सरळ. दाराशी वॉर्डातल्या मामांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि “नवीन दिसताय” एवढंच म्हणाले. मी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींसमोर उभा राहिलो. त्यांचं पोट तपासायचं होतं.

“आजी, मी डॉक्टर नाही. विद्यार्थी आहे. तपासू का?”

आजींनी पट्टीकडे बघितलंही नाही. “तपास बाबा.”

मी हात टेकवला. त्या अंग चोरून एकदम दचकल्या.

“अरे, हात आहेत का बर्फ? घास आधी एकावर एक.”

मी हात चोळले. खाटेच्या कडेला उभा राहून, इस्त्रीच्या एप्रनमध्ये, चांगला मिनिटभर. आजी वाट बघत पडून राहिल्या.

“हां,” त्या म्हणाल्या, “आता लाव.”