कोरडा स्वयंसेवक, ओला स्वयंसेवक

हरभरा घाट्यावर आला की मराठवाड्यात, उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या आसपासच्या गावांत आणखी एक पीक उभं राहतं: राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक. बेळंब असो, भुसणी असो, केसरजवळगा असो, एक दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर टेम्पो थांबतो. त्यातून सतरंज्या, पातेली, टिकाव-फावड्यांचा भारा आणि कॉलेजची पोरं उतरतात. फाटकावर ‘युवकांचा ध्यास, ग्राम-शहर विकास’ असा फ्लेक्स चढतो आणि सात दिवसांचं विशेष शिबिर सुरू होतं. सात दिवसांचा हिशेब गावाला नवा नाही, हरिनाम सप्ताहही तेवढाच असतो. तिथे पहाटे काकडा आणि रात्री कीर्तन, इथे पहाटे प्रभातफेरी आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. जेवणाच्या पंगतीत तर काहीच फरक नाही. स्वयंसेवकाच्या डोक्यावर पांढरी टोपी असते, छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे आणि त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, अर्थात हा गडी चोवीस तास सेवेला हजर. त्यातले तीन प्रहर झोपेत जातात, एक आंघोळीच्या रांगेत आणि एक वर्गातल्या एकुलत्या एक चालू प्लगभोवती मोबाइल घेऊन घुटमळण्यात. उरलेल्यात व्याख्यान, गटचर्चा, जेवण आणि श्रमदान बसवायचं असतं, आणि ते बसवताना सरांची दमछाक होते.

या गड्याबद्दल लोकांची दोन मतं आहेत. एका मताने तो देशाचं भवितव्य आहे. हे मत उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावरून ऐकू येतं. दुसऱ्या मताने तो सर्टिफिकेटसाठी आलेला कामचुकार आहे. हे मत पारावर ऐकू येतं. माझं म्हणणं असं की दोन्ही मतं एकाच माणसाबद्दलची आहेत, आणि तो माणूस म्हणजे कोरडा स्वयंसेवक. त्याचा ओला अवतार निराळा आहे, आणि त्याच्याकडे ना व्यासपीठाचं लक्ष गेलं ना पाराचं.

आधी कोरड्याला न्याय देऊ. ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत मिळून 40,000 विद्यार्थी घेऊन सुरू झाली. पुस्तकातल्या पोराला गाव कळावं, त्याच्या हाताला माती लागावी, ही कल्पना. पुण्या-मुंबईच्या पोराच्या बाबतीत ती झकास आहे. पण मुरुमच्या श्री माधवराव पाटील महाविद्यालयात किंवा उमरग्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात येणारा बहुतेक पोरगा सकाळी एसटीने गावाकडूनच येतो. बापाचं चार-दोन एकर रान, दारात म्हैस, हाताला माती जन्मापासून. त्याला गाव म्हणजे काय हे समजावून सांगायला सोलापूरहून वक्ते येतात आणि ‘ग्रामीण जीवनाची ओळख’ हा विषय तो मान डोलावत वहीत उतरवून घेतो. हाच पोरगा घरी बापाने ‘अरं, जरा तुरीकडं ये’ म्हटलं की ‘प्रॅक्टिकल हाय’ म्हणून निसटतो. आणि परक्या गावात, कधी न पाहिलेल्या माणसाच्या दारात, टी-शर्ट काढून छातीइतका खड्डा खणतो. गावाला हसू येतं ते या गोष्टीचं. पारावरची मंडळी म्हणतात, सर्टिफिकेट! दोन वर्षांत 240 तास भरले की कागद मिळतो, म्हणून हे सगळं. पण हा खुलासा पुरत नाही. कागद हजेरीवर मिळतो. फावड्याला रेलून उभं राहिलं तरी तास भरतात. मग तळहाताला फोड कशाला येतात? आणि येतात, हे कुणीही पाचव्या दिवशी जेवणाच्या पंगतीत पाहून घ्यावं.

खरं कारण असं की बापाच्या रानातल्या कामाला शेवट नसतो आणि शाबासकीही नसते. खुरपणी झाली की फवारणी, फवारणी झाली की काढणी, आणि सगळं झाल्यावर ‘एवढंच केलास व्हय?’ शिबिरातलं काम दहाला सुरू होतं, साडेबाराला संपतं, मध्ये पोहे येतात आणि संपल्यावर फोटो निघतो. कामाचा असा सोहळा होतो हे त्याला एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदाच कळलेलं असतं. (मुलींचं गणित वेगळं. त्यांच्या घरी ‘प्रॅक्टिकल हाय’ ही सबब चालतच नाही, त्यामुळे शिबिरात त्या टिकाव सहज चालवतात, आणि तो खाली ठेवला की त्यांना पोळ्या लाटायला बोलावणं येतं. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

सोहळा मोठा असला तरी काम खोटं नसतं. शिबिराचं लाडकं काम म्हणजे शोषखड्डा. मोरीचं सांडपाणी गल्लीत न सोडता खड्ड्यात घ्यायचं, खड्ड्यात मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरतं आणि डास हटतात. पण इकडची जमीन काळी, भारी. ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊच देत नाही. काळी माती संपून खालचा मुरुमाचा थर लागेपर्यंत खणलं तरच शोषखड्डा शोषतो, नाहीतर तीन आठवड्यांनी तो डासांच्या हक्काचा हौद होतो. कुठे थांबायचं नाही हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं. पण साडेबारा झालेले असतात, पाहुणे आलेले असतात, आणि एका कुदळीला नऊ जणांचे हात लावून छायाचित्र काढायचं असतं. अशा वेळी काळी माती जिंकते.

या बिल्ल्या-टोपीवर हसणाऱ्यांनी जरा जगाकडे पाहावं. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचे तरुण अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी घर सोडतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, कायम जोडीने, बहुधा घरच्याच खर्चाने. दर आठवड्याला घरी खबर जाते, आणि कुणाचं अंगण झाडलं नि पाऊस किती लागला हे त्यात असायला हरकत नाही. त्यांचा ह्यू फिंडले नावाचा एक प्रचारक 1852 मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्यालाही राहिला. हाती लागली ती मोजकी माणसं. ते काही असो, तरुणाला सेवेला धाडायचं तर वेश, खूण आणि तासांचा हिशेब द्यावा लागतो, मग तो सॉल्ट लेक सिटीचा असो की आलूरचा. यावर कोणी गाडगेबाबांचं नाव घेईल. बाबांच्या हातात खराटा होता, ते आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांची मनं. त्यांना ना बिल्ला लागला ना हजेरीपट. कबूल. पण गाडगेबाबा एकच झाले. चाळीस हजार गाडगेबाबा मिळतील असं धरून कुठलंही सरकार योजना काढू शकत नाही, त्याला चाळीस हजार टोप्या शिवाव्या लागतात.

आता ओला अवतार. फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात अवकाळी येतो. 2014 साली याच दिवसांत गारांनी उभी रानं झोडपली होती. शिबिराच्या टाळ्यांमध्ये एक ‘पावसाची टाळी’ असते: आधी एका बोटाने तळहातावर टकटक, मग दोन, मग चार, मग पुरा कडकडाट. चार दिवस ही टाळी प्रत्येक पाहुण्याला दिलेली असते. पाचव्या दिवशी, ‘युवक आणि व्यक्तिमत्त्व विकास’ या व्याख्यानाच्या ऐन मध्यावर, ती पत्र्यावर वाजते आणि कुणीही ती दिलेली नसते. शहरातला पोरगा अशा वेळी खिडकीतून आभाळाचा फोटो घेतो. हा आभाळाकडे बघतच नाही, खळ्याकडे बघतो. समोर कुणाच्या तरी हरभऱ्याची रास उघडी आहे, पलीकडे कडब्याची गंज आहे, आणि भिजलेला कडबा काळा पडला की जनावर तोंड लावत नाही, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. व्याख्याता ‘आत्मविश्वास’ या शब्दापाशी असतानाच मागची रांग मोकळी झालेली असते.

ते काम जवळून पाहण्यासारखं असतं. ताडपत्री आधी वाऱ्याच्या अंगाला दाबायची, मग दुसरीकडे ओढायची. कडीत दोरी ओवून ताणली तर वाऱ्याने कडीचा डोळा फाटतो, म्हणून कोपऱ्यात सुपारीएवढा खडा धरायचा, त्याच्याभोवती ताडपत्री मुरगाळायची आणि त्या गाठोड्याच्या मानेला सुंभ आवळायचा. राशीच्या बुडाशी फावड्याने चर मारायचा, पाणी उताराला काढायचं. यातलं एकही वाक्य त्याच्या वहीत नाही. ताडपत्री कमी पडली तर एक जण धावत जाऊन फाटकावरचा फ्लेक्स सोडून आणतो, आणि ‘युवकांचा ध्यास, ग्राम-शहर विकास’ हे शब्द त्या शिबिरात पहिल्यांदाच शब्दशः खरे ठरतात. टोप्या खिशात, बिल्ले कुठे पडले पत्ता नाही, फोटो काढायला कोणी नाही, कारण फोटो काढणारा गंजीवर चढलेला असतो. मग एखादी म्हातारी या भिजल्या घोळक्याला घरात ओढते. कर्नाटकची हद्द जवळ. ती कानडीत विचारते, ‘ऊटा आयता?’ जेवण झालेलं नसतानाही तो म्हणतो, ‘आयतु, अज्जी.’ आणि तरी पुढ्यात भाकरी नि शेंगदाण्याची चटणी येतेच.

शंका येईल की एका सरीवरून एवढा निष्कर्ष कशाला. धावपळीत कुणीही धावतो. पण हा भाग तसा पुरावाही देतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारीबरोबर, त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेलं सास्तूरही कोसळलं, आणि मागोमाग पाऊस लागला. लष्कर, संस्था, मदतीचे ट्रक आले ते नंतर. त्याआधी मातीचे ढिगारे हातांनी उपसले ते शेजारपाजारच्यांनी आणि आसपासच्या गावांतल्यांनी. तिथे कुणाच्या छातीवर काही नव्हतं.

यावर खरा आक्षेप असा: मग गुण रानाचा झाला, योजनेचा नव्हे. पाऊस आणि शेतकऱ्याचं पोर एवढं पुरेसं असेल तर टेम्पो, फ्लेक्स आणि सोलापूरचे वक्ते हवेत कशाला? उत्तर भावकीत आहे. आपल्या गावात रास झाकायला धावण्याआधी ती कुणाची हे बघावं लागतं. बांधाचा वाद कोणाशी चालू आहे, गेल्या पंचायतीला कोण विरोधात होतं, आजोबांच्या वाटणीत कोणी कोणाला फसवलं, हा सगळा सातबारा डोक्यात घेऊन तो जन्मलेला असतो. त्यामुळे घरच्या गावात तो झाकतो ती स्वतःची रास, फार तर मामाची. परक्या गावात त्याला कुणाचाच बांध माहीत नसतो. समोर नुसता हरभरा दिसतो. योजनेने एवढंच केलं आहे, त्याला उचलून जिथे त्याची भावकी नाही अशा खळ्यासमोर आणून ठेवलं आहे. हे काम बाप करू शकत नाही आणि पाऊसही. त्यासाठी टेम्पोच लागतो, आणि टेम्पोबरोबर वक्तेही येणार असतील तर येऊ देत.

तेव्हा माझी सूचना सरळ आहे: विशेष शिबिरं पावसाळ्यात घ्यावीत. शाळेचं छत गळेल, सतरंज्या वाळणार नाहीत, विंचू निघतील, प्राचार्य नकार देतील, सगळं मान्य. पण सप्टेंबर 2025 मध्ये याच जिल्ह्यातल्या भूम-परंड्याकडे पुराने शिवारं वाहून नेली, आणि ज्या जिल्ह्याने टँकर आणि पूर दोन्ही पाहिलेत त्याला फेब्रुवारीतल्या शोषखड्ड्यापेक्षा सप्टेंबरातले पन्नास ओले हात जास्त कामाचे आहेत. अडचण एकच, अहवालाची. शिबिराचा रोजचा अहवाल विद्यापीठाला जातो आणि त्यात श्रमदानाचा रकाना असतो: किती खड्डे, किती रोपं, किती मीटर रस्ता. झाकलेल्या राशी आणि मारलेले चर यांना रकाना नाही. म्हणून ज्या दिवशी पोरं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात राबतात, त्या दिवसाच्या पानावर गटप्रमुख ओल्या हाताने, पण वळणदार अक्षरात लिहितो: ‘पावसामुळे आज श्रमदान होऊ शकले नाही.’ खाली सरांची सही असते.