रॅम्पवरचा खून आणि गाळ्यातले मृत्यू

फॅशनच्या दुनियेतला खून हा टीव्हीवरच्या गुन्हे-मालिकांचा हक्काचा विषय. दिव्यांचा झगमगाट, टाळ्यांचा कडकडाट आणि शो-स्टॉपर मॉडेल रॅम्पवर चालता चालता कोसळते. मग लिपस्टिकमधलं विष, डिझाइन चोरल्याचा राग, दुसऱ्या मॉडेलचा मत्सर. तासाभरात खुनी सापडतो. आमच्या कांदिवलीत हे भाग जेवताना घरोघरी लागतात आणि मीही ते आवडीने बघतो. ही गोडी मराठी घरांना ‘एक शून्य शून्य’ने लावली. त्याच मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम पुढे 21 जानेवारी 1998 पासून ‘सीआयडी’ घेऊन आले आणि तब्बल वीस वर्षं टिकले. साटमांचा एसीपी प्रद्युम्न मृतदेहापाशी थांबतो आणि हा माणूस मेला कसा, याचं उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही. त्या मालिकेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

माझी तक्रार एकच आहे. फॅशनच्या दुनियेत मरणारं माणूस या मालिकांना फक्त रॅम्पवर दिसतं.

‘सीआयडी’ची पहिली खेळी ऑक्टोबर 2018 मध्ये संपली. त्याच डिसेंबरात कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात कपड्यांच्या गोदामाला आग लागली. आग विझल्यावर आत चार मृतदेह सापडले. त्याच्या तीन वर्षं आधीच्या डिसेंबरात याच दामूनगरात सिलिंडर फुटून शेकडो झोपड्या जळाल्या होत्या, त्यामुळे आग म्हणजे काय हे या वस्तीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही चार माणसं गेली. ती कोण होती, कुठल्या गावची होती, आत का अडकली, हे आज कांदिवली स्टेशनवर उतरणाऱ्या कुणालाही विचारा, सांगता येणार नाही. काल रात्रीच्या भागातल्या मॉडेलचा खून कुणी केला, हे मात्र तो चटकन सांगेल.

रॅम्पवरचा कपडा येतो कुठून? उपनगरातल्या एखाद्या शिलाईच्या गाळ्यात जाऊन बघा. दारातच कतरणीची पोती. आत दोन रांगांत मशिनी, मधून एका माणसाला अंग चोरून जाता येईल एवढी वाट. एका टोकाला कटिंग मास्तरचं टेबल, दुसऱ्या टोकाला इस्त्री, आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हरलॉक मशीन, पंखा, मोबाइलचे चार्जर. वर पोटमाळा, चढायला लोखंडी शिडी. तयार मालाच्या थप्प्या माळ्यावर, आणि रात्री कारागीर झोपतात तेही माळ्यावरच. काम पीसवर, म्हणजे जितके नग तितके पैसे. लॉट सकाळी द्यायचा असला की रात्रभर मशिनी चालतात आणि शटर आतून खाली ओढलेलं असतं.

‘सीआयडी’तला दया लाथ मारून दार तोडतो, त्याचं सगळ्यांना कौतुक. या गाळ्यात दार तोडायला येणार कोण? 1911 साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली तेव्हा जिन्याचं एक दार बाहेर पडणाऱ्यांना कुलूपबंद सापडलं, 146 कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. शंभर वर्षं उलटून गेली. 31 डिसेंबर 2023च्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले 6 जण गेले. मे 2025 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 8 जण गेले, त्यांत खुद्द मालकही होते.

आता कायद्याकडे बघा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाना कायद्याचं 38वं कलम स्पष्ट होतं: आग लागली तर बाहेर पडायची सुरक्षित वाट हवी, आणि ती कामगारांना माहीत हवी. पण हे कलम ‘कारखान्या’ला लागू होतं. विजेवर काम चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले की तो कारखाना, असा मूळ नियम होता. महाराष्ट्राने दुरुस्ती करून 10चे 20 केले आणि नव्या केंद्रीय कामगार संहितेतही 20च आहेत. म्हणजे 18 कारागिरांचा गाळा कायद्याच्या लेखी कारखानाच नाही. हा आकडा बदलणाऱ्यांनी उद्योगाला सवलत दिली असेल, मी त्याला माणसं वाऱ्यावर सोडणं म्हणतो.

शिक्षेचंही तेच. निष्काळजीपणामुळे कुणी मेलं तर दंड विधानाच्या 304-अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षं होती. नव्या भारतीय न्याय संहितेने ती पाच केली, हे बरं झालं. पण शिक्षेच्या आधी तपास लागतो. शॉर्टसर्किट हा शब्द पंचनाम्यात आला की सगळ्यांचं समाधान होतं. वायर कुणी टाकली, लोड किती होता, जिन्यात पोती कुणी रचली, गाळा भाड्याने देणाऱ्याला काय माहीत होतं, माल कुठल्या बड्या नावाचा होता, हे पुढचे प्रश्न विचारणाराच खरा एसीपी.

मालिका लिहिणाऱ्यांनो, तुम्हाला रहस्य हवं असतं ना? लिपस्टिकमधल्या विषापेक्षा हे कितीतरी गुंतागुंतीचं आहे. संशयित अनेक आहेत, प्रत्येकाकडे कारण आहे, आणि ते कारण एकच, चार पैसे वाचवणं. गोरेगावची चित्रनगरी दामूनगरापासून फार लांब नाही. एक भाग या गाळ्यांवर करा. ग्लॅमर नाही म्हणून लोक बघणार नाहीत, हे मला पटत नाही. ज्या घरांतून बायका दुपारी मांडीवर गठ्ठा घेऊन तयार कुर्त्यांचे धागे कापतात, त्याच घरांतून रात्री तुमची मालिका लागते.

आणि महापालिकेच्या आर दक्षिण विभागाला सांगणं एवढंच: कांदिवलीतल्या शिलाईच्या गाळ्यांची, माळ्यावर झोपणाऱ्या माणसांसकट, तपासणी करा आणि कुठे दुसरी वाट नाही त्याची यादी विभाग कार्यालयाच्या दारावर लावा. वाचकहो, तुमच्या इमारतीखाली असा गाळा असेल तर आजच जाऊन बघा. जिन्यात पोती असतील तर ती हलवायला लावा, आणि हलली नाहीत तर लेखी तक्रार करून पोच घ्या.