बोट किती देते?

नागपूरच्या माणसाला बोट दाखवली की तो आधी विचारतो, "कितीला पडली?" आणि उत्तर पुरं व्हायच्या आत, "अ‍ॅव्हरेज किती देते?" पहिल्याचं उत्तर माझ्या साळ्याकडे असतं, कारण बोट मुळात त्याने घेतली आणि मग पस्तावून आम्हा तिघांना भागीदार केलं. दुसऱ्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ती उणीव भरून काढायलाच आपली नेमणूक झाली आहे, असं मी धरून चाललो. उभा जन्म बँकेत दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलेला. ज्या वस्तूला मीटर नाही ती मला उघडीवाघडी वाटते.

बोट सोळा फुटी, फायबरची, सेकंडहँड. मागे चाळीस हॉर्सपॉवरचं जुनं कार्बोरेटरवालं आउटबोर्ड. मुक्काम आंभोऱ्याला, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात. टाकीला काटा आहे, पण तो खरं बोलत नाही. बोटीने नाक वर केलं की टाकी भरलेली, थांबली की अर्धी, आणि कोणी उठून डबा उघडायला एका बाजूला गेलं की रिकामी. म्हणून मी बैठकीत ठराव मांडला: फ्लो मीटर बसवावा.

"भाऊजी, पंचवीस हजारात दोन-अडीचशे लिटर पेट्रोल येते ना बाप्पा," साळा म्हणाला.

हा हिशोब बरोबर होता, म्हणूनच मला राग आला.

आता अ‍ॅव्हरेजविषयी थोडं बोलायला हवं. आमच्या शहरात गाडीचं अ‍ॅव्हरेज मोजत नाहीत, सांगतात. पानठेल्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही दुचाकीचं अ‍ॅव्हरेज साठच्या खाली नसतं. पंचावन्न सांगणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने बघतात आणि मेकॅनिकचा पत्ता देतात. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून उतरताना इंजिन बंद करून गाडी घरंगळत आणणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. वरून मेट्रोच्या डब्यातली माणसं बघत असली तरी त्यांना काही वाटत नाही. अलीकडे अ‍ॅव्हरेज पडलं की बोट इथेनॉलकडे दाखवायची सोय झाली आहे. वीस टक्के इथेनॉलने थोडं कमी होणारच, कारण इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. पण आमच्या गल्लीत जेवढं कमी झाल्याचं सांगतात, तेवढं व्हायला टाकीत ताक भरावं लागेल.

आमच्या वडिलांकडे चेतक होती. चेतकला पेट्रोलचा काटा नव्हता. सीटखाली एक चावी होती. चालू, बंद, रिझर्व्ह. गाडी भर चौकात आचके द्यायला लागली की बाबा चालत्या गाडीवर वाकून चावी रिझर्व्हला फिरवायचे. ते जमेना तर उतरून गाडी आडवी करायचे, आतलं उरलंसुरलं एका कोपऱ्यात गोळा व्हायचं, आणि किक मारून घर गाठायचे. जगातला सगळ्यात प्रामाणिक फ्लो मीटर तो होता, असं माझं मत आहे. तो आकडे दाखवत नव्हता. गाडी बंद पाडून सांगायचा.

तरी बाबांचं त्यावर समाधान नव्हतं. ते खिशात डायरी ठेवत. तारीख, लिटर, किलोमीटर, भागाकार. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, एकाच पंपावर, शक्यतो एकाच माणसाच्या हातून. ती डायरी आता माझ्याकडे आहे. पानोपानी बेचाळीस, एकेचाळीस, पुन्हा बेचाळीस. मध्येच एका रविवारी एकदम पस्तीस. माझ्यातला तपासनीस लगेच जागा झाला: गळती असणार, नाहीतर पंपवाल्याने मापात मारलं असणार. पुढे बाबांच्या बारीक अक्षरात शेरा होता, "रामटेक, सहकुटुंब." पुढे उभा मी, मागे आई, आईच्या मांडीवर ताई. त्या सात किलोमीटरच्या तुटीवर बाबांनी एरवीसारखी लाल रेघ मारलेली नव्हती.

असो. मी बोटीवर येतो.

फ्लो मीटर म्हणजे टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बसवायची एक बोटभर डबी. आत इवलंसं चाक. पेट्रोल वाहिलं की चाक फिरतं, चाकातला चुंबक दर फेऱ्याला विजेचा एक ठोका देतो, आणि ठोके मोजून पडदा सांगतो, ताशी इतके लिटर. डिझेल इंजिनाला अशा दोन डब्या लागतात, कारण डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त तेल मागवतं आणि उरलेलं टाकीत परत पाठवतं. जाणारं आणि येणारं दोन्ही मोजून वजाबाकी करावी लागते. नव्या आउटबोर्डांना तर डबीचीही गरज नाही. आपण किती थेंब फवारले हे त्यांच्या संगणकाला ठाऊक असतं, एक वायर जोडली की पडद्यावर आकडा. आमचं इंजिन अशिक्षित. ते पितं आणि विसरतं.

बरं, ढोबळ आकडा मीटरशिवायही सांगता येतो. पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण रेटलं तर दर दहा हॉर्सपॉवरला ताशी तीन ते चार लिटर. म्हणजे आमचं बारा ते सोळा. त्याहून बारीक हवं असेल तर टाकी काठोकाठ भरा, एकाच वेगाने तासभर चालवा, परत येऊन मापाच्या कॅनने पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं मावलं तेवढं लागलं. पंपावर सुटं पेट्रोल मागायला गेलं की मात्र चौकशी होते, आणि ती रास्त आहे. परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी तीस लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, आणि हे नियम सांभाळणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे. आपल्याच गावात त्यांच्या डोळ्यांदेखत कॅन घेऊन हिंडणं मला शोभलं नसतं. खरं कारण वेगळं होतं. मला पडदा हवा होता. निळ्या उजेडाचा, आकडे बदलणारा, पाहुण्यांना "हे जरा टेक्निकल आहे" म्हणून सांगता येईल असा.

मीटर बसला. पहिल्याच रविवारी त्याने माझी अब्रू घेतली.

बोट चालवायची माझी एक ठरलेली चाल आहे. अगदी हळू नाही, अगदी जोरात नाही. नाक रुबाबात वर, मागे फेस, फोटो उत्तम. मोबाइलवर वेग बघितला, चौदा. मीटर म्हणाला, सात लिटर. म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. साळ्याने हॅंडल घेतलं आणि सहाच्या वेगाने रांगत नेली: दीड लिटर, लिटरला चार. मग त्याने एकदम रेटा दिला. बोट आपल्याच लाटेवर चढली, नाक खाली आलं, बूड पाण्यावर तरंगायला लागलं. वेग बत्तीस, मीटर दहा. लिटरला तीनच्या वर. मधली अवस्था सगळ्यात महाग, कारण तिथे इंजिन बोट पुढे नेत नसतं, पाणी फोडत आणि लाट चढत बसलेलं असतं. इतकी वर्षं ज्या वेगाला मी डौल समजत होतो, तो पेट्रोल जाळायचा सर्वोत्तम मार्ग निघाला.

एवढ्यावर भागलं नाही. त्याच वेगाला, त्याच फेऱ्यांना आकडा एकदा वाढलेला दिसला. भागीदारांनी कारणं शोधली. वारा, लाटा, कार्बोरेटर. शेवटी मला पुढे बसायला सांगितलं. आकडा उतरला. मागचं वजन जास्त असलं की बूड दबतं आणि बोट वर यायला वेळ घेते, हे शास्त्र मीच त्यांना आदल्या आठवड्यात समजावून दिलं होतं.

मीटरचा खरा उपयोग मात्र त्याच दिवशी परतताना दिसला. इंजिनाच्या फेऱ्या तेवढ्याच, आवाज तोच, पण वेग पडलेला आणि मीटर चढलेला. इंजिन उचललं तर पंख्याला इकॉर्नियाची, म्हणजे जलपर्णीची, दाट जटा, त्यात गुंतलेली प्लास्टिकची पिशवी, दुधाची असावी. जवळच एक ढीवर डोंग्यातून जाळं ओढत होता. त्याने विळा घेऊन येऊन दोन मिनिटांत पंखा मोकळा केला. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुमच्याच नागपूरचा माल हाय जी."

खोटं नव्हतं. नाग नदी आमच्या शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचा बांध. घरून जे सोडलं, त्याच्यावरच रविवारी आम्ही बोट फिरवतो. इकॉर्निया त्यावर पोसतो, आणि जाळ्यात मासळीआधी तो येतो. नाग नदी साफ करायला 1,927 कोटींची योजना मंजूर आहे. ज्या बांधाच्या पाण्यात आम्ही फिरतो त्याची पायाभरणी राजीव गांधींनी 1988 साली केली, तेव्हाचा अंदाज 372 कोटी. पुढे तो हजारो कोटींत गेला. मी पेट्रोलच्या थेंबाथेंबाला ठोका मोजायला निघालो होतो. ढीवराला देऊ केलेले पैसे त्याने घेतले नाहीत. तो परत जाळ्याकडे गेला आणि आम्ही चौघं बराच वेळ काही बोललो नाही, हे आमच्या बाबतीत विशेष.

आता निकाल. वर्षाला दोनशे लिटर जाळणाऱ्या बोटीने शहाण्या वेगाने चालून पाव भाग वाचवला, तर पन्नास लिटर, म्हणजे पाचेक हजार रुपये. मीटर वसूल व्हायला पाच वर्षं. पाच वर्षं बोट राहील का, त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाच वर्षं भागीदार एकमेकांशी बोलतील का, हे मीटर सांगत नाही. शिवाय योग्य वेग एकदा कळला की फेऱ्यांच्या काट्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला तरी भागतं. मांडव्याहून किंवा रत्नागिरीहून समुद्रात जाणाऱ्याची गोष्ट निराळी. तिथे एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हाताशी, असा शिरस्ता. किती उरलं हे अंदाजावर सोडता येत नाही. गोसीखुर्दला पेट्रोल संपलं तर काठाकडे तोंड करून ओरडायचं.

तरी मीटर काढू नये, असं माझं ठाम मत पडलं, आणि ते मी तीन विरुद्ध एक अशा फरकाने हरलो. तडजोड म्हणून साळ्याने पडदा फिरवून असा बसवला आहे की तो फक्त चालवणाऱ्याला दिसावा. चालवायला मला आता देत नाहीत. मी पुढे बसतो.