मान डोलावणारा उंदीर

यंदा आमच्या घरच्या गणपतीचा उंदीर मान डोलावणार, हे मी जुलैतच जाहीर करून टाकलं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाची बेल बंद पडली की तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला बोलावतात. मला कुणी विचारत नाही. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे फार लागतं.

मोटर शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. मनात होती पद्मिनी गाडीची वायपर मोटर. पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यातली. 2023 च्या ऑक्टोबरात तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा मला उगाच भरून आलं होतं. दुकानदार म्हणाला, "साब, वो म्यूझियम में मिलेगा. मारुती का लो." घेतली.

मोटरला पाच वायरी. आत तीन ब्रश: एक सामाईक, एक हळू वेगाचा, एक जलद. गिअरवर पितळेची चकती आणि तिला एक खाच. बटण मध्येच बंद केलं तरी या चकतीतून मोटरला करंट मिळत राहतो. खाच आली की तुटतो. म्हणून वायपर काचेच्या मधोमध कधी थांबत नाही, तळाशी जाऊनच निजतो. मी मल्टिमीटरने वायरी ओळखल्या, जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, हिरवी वायर काळीला जोडून त्याला जागं केलं, पिवळीतून 12 व्होल्ट घेतले. मोबाइलच्या चार्जरला ही मोटर दाद देत नाही.

पण अखंड मान हलवणारा उंदीर खुशमस्कऱ्या दिसतो. एकदा होकार, मग विचार, मग पुन्हा होकार, असं हवं. इथे रॉबर्ट कर्न्सला आणल्याशिवाय मला राहवत नाही. डेट्रॉइटचा हा इंजिनिअर. 1953 साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्याचा डावा डोळा गेला. पुढे पावसात गाडी चालवताना त्याच्या मनात आलं, पापणी थांबून थांबून मिटते, मग वायपर का नाही? 1964 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. मग फोर्डने तसेच वायपर बाजारात आणले. 1978 साली हा कोर्टात गेला, 1990 साली फोर्डने 1 कोटी 2 लाख डॉलर मोजले. दरम्यान त्याचा संसार मोडला. ही कथा मी बायकोला रंगवून सांगितली. तिने शेवटचं वाक्य तेवढं लक्षपूर्वक ऐकलं.

असो. कर्न्सची आयुष्यभराची झुंज आता बोटाएवढ्या टायमरमध्ये मावते. तो जोडला आणि उंदीर थांबून थांबून डोलू लागला.

दर्शनाला आलेले म्हणतात, "छान! पण ऑनलाइन तयार मिळतो की. केवढ्याला पडला?" या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. हाताने काही करणाऱ्याला आपण पहिली विचारतो ती किंमत, आणि दुसरं सांगतो ते स्वस्त दुकान.

आईने मात्र काहीच विचारलं नाही. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे आम्ही सगळे तिच्याशी मोठ्याने आणि मोजकंच बोलतो. दुपारी ती खुर्ची ओढून उंदरासमोर बसते, पुटपुटत त्याला काहीबाही सांगते, तो मान डोलावतो, मग ती पुढचं सांगते. दिवसभरात तिला इतक्या वेळा "हो" म्हणणारं घरात दुसरं कुणी नाही.

तुम्हीही करून बघा. पिवळ्या वायरीत फ्यूज घाला आणि चालू मोटरच्या दांड्यात बोट घालू नका. ती थांबत नाही, बोटच थांबतं. दर्शनाला अवश्य या. किंमत मात्र घरी गेल्यावर मोबाइलवर बघा.