तिसऱ्या रांगेतल्या फुकट्या रसिकास

माननीय कलाप्रेमी,

सप्रेम म्हणवत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

गेली बारा वर्षं मी आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तिकीटखिडकीवर बसते. समोर आसनांचा तक्ता, हातात लाल पेन्सिल, मांडीशी सुट्ट्या पैशांची पत्र्याची पेटी. या बारा वर्षांत तुमचा हात खिशाकडे गेलेला मी एकदाच पाहिला, तोही मोबाइल काढायला. तिथूनच आमच्या अध्यक्षांना फोन लावलात : ‘‘खिडकीवरच्या बाई ओळखत नाहीत वाटतं आम्हाला. चार पास सांगा, पुढचे.’’

पास मिळाले. तिसरी रांग, मधल्या खुर्च्या. तिसरी घंटा होऊन पडदा उघडल्यावर तुम्ही सहकुटुंब आलात आणि रांगेतल्या सगळ्यांना उठवून बसलात. मध्यंतरात चार बटाटेवडे, चार चहा घेतलेत, रोख पैसे मोजलेत आणि घरी गेलात. वडेवाल्याकडे नाही मागितलात पास! त्याच्या कढईची किंमत तुम्हाला कळते. दिवसभर नोकरी करून, दोन महिने रात्री अकरापर्यंत तालमी करणाऱ्या आमच्या पोरांची किंमत तेवढी शून्य. नाट्यगृहाचं भाडं, लाइटवाला, सेटचा टेम्पो, मेकअपमन, यांतलं काहीच पासवर भागत नाही. तुमच्या चार खुर्च्यांचे पैसे शेवटी ही पोरंच आपापसांत वर्गणी काढून भरतात.

आणि पाच नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, माइकसमोर उभे राहून तुम्हीच गरजता : ‘‘कलेला राजाश्रय उरला नाही!’’

राजाश्रय हवाच. शासनाने नाट्यगृहं नीट ठेवावीत, भाडी परवडतील अशी ठेवावीत, यासाठी आम्हीही भांडतो. पण ज्या इतिहासाचे दाखले देता, तो पुढेही वाचा. 1843 साली सांगलीत तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, इथवर तुमचं भाषण येतं. 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि तो आश्रय सरला, हे तुम्ही सांगत नाही. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि 1853 मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाचा हात सुटल्यावर मराठी नाटक तगलं ते तिकीट काढणाऱ्या माणसाच्या जिवावर. तो माणूस तुमचा पूर्वज असेल, तर त्याचं नाव राखा.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीची ती वास्तू, आणि दुसऱ्याच दिवशी, ज्यांचं नाव तिला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडत होते. तुम्हीही जळत्या छपराचा फोटो स्टेटसला ठेवलात, खाली लिहिलंत, ‘काळीज जळालं’. त्या रडणाऱ्यांना तिथल्या आपापल्या खुर्च्या आठवत होत्या. तुमचं काळीज खरंच जळालं असेल, तर तुमच्या गावातलं उभं नाट्यगृह भरायला या. आगीने एका रात्रीत होतं ते रिकाम्या खुर्च्या हळूहळू करतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे एकदा जाऊन या. दिवाळीनंतर धान निघालं, की गडचिरोलीतल्या वडशाहून नाटक मंडळ्या बाहेर पडतात आणि झाडीपट्टीचं नाटक रात्र-रात्र चालतं. शेतात राबणारा माणूस पाहुण्यांना बोलावतो, थंडीत चादर पांघरून बसतो आणि तिकीट काढून पाहतो. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. त्या शेतकऱ्यापेक्षा तुमचं उत्पन्न जास्त आहे, रसिकता कमी आहे.

पुढच्या रविवारी आमचा प्रयोग आहे. खिडकी सकाळी नऊला उघडते. तिसरी रांग मी अजून कुणाला दिलेली नाही. चार तिकिटं काढा, नाटकाचं तोंड न पाहिलेल्या शेजाऱ्यासाठी पाचवं काढा, तिसऱ्या घंटेआधी बसा आणि पडदा पडेपर्यंत उठू नका. मग पाच नोव्हेंबरला हवं तेवढं बोला. टाळी वाजवायला मी पहिली उभी राहीन.

अध्यक्षांना फोन करू नका. पास छापणं आम्ही बंद केलंय.

आपली,
तिकीटखिडकीवरची बाई